छोटेलालने मला शेंदूर लावला

मित्रांनो, माझ्या अंगावर शेंदूर दिसतो म्हणून हात जोडू नका. मी एक जुना दगड आहे, जंगलाच्या हद्दीचा. आणि मी मनात डूख धरून बसलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावामागचे जंगल राखीव झाले, तेव्हा माझा जन्म झाला. खाणीतून मला काढले, छिन्नीने चौकोनी केले, पोटावर आकडा कोरला, चुना फासला आणि मोहाच्या झाडांपुढे कमरेइतका पुरला. आकड्याची बाजू शेतांकडे, पाठ जंगलाकडे. माझ्या पाठीमागे कुऱ्हाड चालणार नाही, नांगर चालणार नाही, असे ठरले. मोहफुले मात्र गावानेच वेचायची. कोणता मोह कोणत्या घराचा हे पणज्याच्या काळापासून ठरलेले होते, ते तसेच राहिले. माझ्या मागचे पाच मोह प्रेमिलाबाईंच्या घरचे.

मला माझ्या कामाचा अभिमान होता. नवा साहेब आला की माझ्यापाशी थांबून आकडा वाचायचा. गुराखी पाठ टेकायचे, रानडुकरे अंग घासायची. पुढे चुना लावायला कोणी येईना. आकड्यात शेवाळ भरले. त्याचे मला वाईट वाटले, पण राग आला नाही. राग छोटेलालने आणला.

छोटेलालची बांधी, म्हणजे त्याचे धानाचे शेत, माझ्या समोरच होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि घरात म्हातारी माणसेसुद्धा उरत नाहीत. त्या दिवशी भरदुपारी तो ट्रॅक्टर घेऊन आला. माझ्या गळ्यात साखळी अडकवली, मला उपटले आणि फरफटत मोहांच्या पलीकडे नेऊन पुरले. एक मोह वाटेत येत होता, तो आडवा केला. मंडईतला भोंगा इतका वाजत होता की करवतीचा आवाज कोणाच्या कानावर गेला नाही. माझ्या पाठीवर साखळीचा ओरखडा आहे. तो मी जपून ठेवला आहे.

मग त्याने तेलात शेंदूर कालवला आणि माझ्या पोटावर थापला. आकडा झाकला गेला, हाच त्याचा हेतू. गाव परतले तेव्हा तो मोठ्या भक्तिभावाने सांगत होता, "देव माह्या सपनात आला. म्हणे, मले जंगलात बसाचं हाये. अन् सोताच चालत गेला ना जी."

मित्रांनो, मी चाललो म्हणे. माझ्यावर मुंग्यांनी वारूळ केले तरी मला सरकता येत नाही. पण नांगरणीला सगळ्यांना छोटेलालचाच ट्रॅक्टर लागतो, म्हणून काहींनी विश्वास ठेवला आणि बाकीच्यांनी नुसती मान डोलावली.

प्रेमिलाबाई तोडलेल्या मोहाच्या खुंटापाशी बराच वेळ बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या वनरक्षक कैलाशला घेऊन आल्या. तो बिचारा नवीन. शेंदूर खरवडून आकडा बघतो म्हणाला, तर लोकांनी त्याचा हात धरला. देवाला कोणी खरवडते का? छोटेलाल मागे उभा राहून मिशीत हसत होता. ते हसू मी विसरलेलो नाही. उरलेले चार मोह पावसाळ्याआधी पाडायचे आणि सगळे नांगरून टाकायचे, असे तो मजुरांना माझ्यासमोरच सांगत होता.

उन्हाळा सरता सरता त्याने गाव बोलावले. नव्या जमिनीत पहिला नांगर घालायचा म्हणून माझ्यापुढे नारळ फोडायचा होता. नारळ फुटला, प्रसाद वाटला. तो ट्रॅक्टरवर चढला आणि प्रेमिलाबाई पुढे आल्या. त्या बौद्ध. त्यांच्या घरी दगडाला हात जोडत नाहीत.

"छोटेलालभाऊ, देवाच्या तोंडापुढं नांगर कायले घालून राहिले?"

"तुम्ही त देवाले मानत नाही ना, बाई."

"मी नाही मानत. तुम्ही त मानता. का तुम्हीच बसवला हा गोटा इथं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. गावात रीत आहे, देवाची नजर जिथवर पडते तिथवर नांगर चालत नाही. म्हणून आमच्याकडचे देव शेतांना पाठ करून बसलेले असतात. छोटेलालने आकडा लपवण्याच्या घाईत शेंदूर थापला तो शेताकडच्या बाजूला. माझे तोंड त्याच्याच जमिनीकडे होते. समोर चार मोह, पुढे नवी जमीन, त्यापुढे त्याची वाडवडिलांची बांधी, पार धुऱ्यापर्यंत, शेवटच्या बांधापर्यंत.

म्हातारे चैतराम माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि मी बघतो तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "धुऱ्यापरेंत दिसते गा. जागा सोडा लागते."

छोटेलालने तोंड उघडले. हा देव नाही, मीच याला ओढून आणला, एवढेच म्हणायचे होते. पण शेजारी वनरक्षक कैलाश उभा होता. छोटेलाल तोंड मिटून ट्रॅक्टरवरून खाली उतरला. चैतराम एवढ्यावर थांबले नाहीत. "सपन तुले पडलं. आता सेवा बी तूच कर."

तेव्हापासून ती बांधी पडीक आहे. तिच्यात तेंदू उगवला आहे. तोडलेल्या मोहाच्या खुंटाला धुमारे फुटले आहेत. दर मंगळवारी छोटेलाल पाणी घेऊन येतो, माझे पाय धुतो, केर काढतो, आणि पाणी वाहून त्या खुंटाला जाते. मी एकेक मंगळवार चवीने खातो. प्रेमिलाबाई मोह वेचायला येतात तेव्हा टोपली माझ्या डोक्यावर टेकवतात आणि पदराने घाम पुसतात. तेवढा मान मला पुरे आहे.

मित्रांनो, तुमच्या गावच्या हद्दीवर माझा एखादा भाऊ असेल. त्याला चुना लावा, आकड्यातले शेवाळ काढा, कोणी हलवला तर बोंब मारा. शेंदूर लावू नका.

परवा आजूबाजूला कोणी नव्हते. छोटेलालने माझ्यापुढे डोके टेकले आणि हळूच म्हणाला, "माफ कर देवा, माही बांधी सोड."

देव असतो तर सोडलीही असती. मी दगड आहे.