ठिणगीकाकांचा नवा वर्ग

कामगारांच्या शिक्षणाचं नाव काढलं की ताईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. वडिलांमागे लोखंडी गेटं-कठड्यांचा कारखाना त्यांनी एकहाती सांभाळला होता. माणूस घडवायचा आपण आणि लोणी खायचं दुसऱ्यानं, असला आतबट्ट्याचा व्यवहार त्यांना नको होता. दोनदा तसं झालंही होतं, म्हणा.

आणि आता खुद्द ठिणगीकाका! कारखान्यातले सगळ्यात जुने वेल्डर, साठीला टेकलेले, ताईंना लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलेले. म्हणे, अॅल्युमिनियमचं वेल्डिंग शिकायचंय, आठवड्यातून दोन दुपारी सोडा.

"काका, या वयात? अहो, तसली कामं आपल्याकडे येतात तरी का?"

"नाही येत. पण तो धातू मला दाद देत नाही, ते खुपतं."

ताईंनी नाइलाजानं हो म्हटलं. पण लवकरच एक मोठं काम अडकलं, त्यात काका पलीकडच्या बड्या कारखान्यात जाणार अशी कुजबुज कानावर आली. ताईंचं डोकंच फिरलं. पुरे झाली ही थेरं, म्हणत त्या काकांना परत आणायला थेट वर्गावर गेल्या.

दाराशी मिळालेली काळी काच डोळ्यांपुढे धरून त्या पाहू लागल्या. काका वाकून जोड मारत होते, आणि पत्र्याला भोक पडलं. दुसरा पत्रा घेतला. पुन्हा भोक. ज्यांच्या कामाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं, ते काका!

"पुन्हा रंगाची वाट बघितलीत," शिकवणारी म्हणाली. काकांच्या धाकट्या लेकीएवढी असेल. "लोखंड लाल होऊन सांगतं. हा धातू काही सांगत नाही, एकदम ढासळतो. चकाकी आली की पुढं सरकायचं."

"उभा जन्म लाल बघण्यात गेला, बाई! खोड लगेच जाते होय?" काका हसले. आजूबाजूची पोरंही हसली. काकांनी नवा पत्रा घेतला.

ताई थक्क झाल्या. आपलं हसं होईल म्हणून त्यांनी स्वतः कधी वेल्डिंगची टॉर्च हातात धरली नव्हती. आणि ज्यांच्यापुढे सगळा कारखाना मान तुकवतो, ते काका पोरांपुढे चुकत होते, वर खुशीत होते! केवढी ही छाती!

शेवटी एक जोड जमला. काकांनी मास्क वर केला, तर दारात ताई.

"ऐकून आलात ना? खरं आहे ते. हे जमलं तर पलीकडच्या कारखान्यातले मला घेणार आहेत. आज सांगणारच होतो." काका जरा चाचरले. "पण तुमच्या वडिलांचं मीठ खाल्लंय, ताई. थांबा म्हणालात, तर थांबेन."

'थांबा' ताईंच्या ओठांवर आलंच होतं. त्यांनी तो जोड पाहिला, मग काकांचा चेहरा. घामानं डबडबलेला, आणि इतका हरखलेला की बघतच राहावं.

"परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"मग रोज दुपारी येत जा. आपल्या कारखान्यातलं काम मी बघते." ताईंनी काळी काच दाराशी परत ठेवली. "आणि काका, पास होऊन खुशाल तिकडे जा; पण नापास झालात, तर याद राखा. नाव आपल्या कारखान्याचं जाईल."