मी, चौकोनी

मला हात लावता येणार नाही, कारण मी वस्तू नाही, शब्द आहे. चौकोनी. चार आणि कोन, एवढ्या सामानातून माझा जन्म झाला.

वसईत मला कामाची कधी कमी पडली नाही. डबा चौकोनी, विहीर चौकोनी, कुणाचा चेहरासुद्धा चौकोनी. आगाशीच्या वाडीत प्रल्हादबाबा भाजीचे वाफे आखायचे आणि गड्याला सांगायचे, "चौकोनी कर रे, पाणी सगळीकडे बसलं पाहिजे." त्यांच्या तोंडी मी सुखात होतो.

पुढे कुणीतरी मला कुटुंबाला जोडलं. आईबाप आणि दोन मुलं, की झालं चौकोनी कुटुंब. मलाही ते बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

बायको गेल्यावर बाबा माणिकपूरला मुलाच्या फ्लॅटवर आले. नात संपदा लग्नाची झाली. सूनबाई सुरुचीने बायोडेटात लिहिलं, 'कुटुंब चौकोनी'. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि बोटं मोजली. मुलगा, सून, संपदा, तिचा भाऊ आयुष. अंगठा उरला.

"सूनबाई, रविवारी मुलाकडचे बघायला येतील, तेव्हा मी आगाशीला जाऊन येतो."

"अहो बाबा, हल्ली असंच लिहितात हो!"

"लिहिलंय तसंच दिसू दे त्यांना. माझ्यापायी स्थळ जायला नको."

"तुम्ही गेलात तर मी पोहे घेऊन बाहेर येणारच नाही," संपदा म्हणाली.

"बाय, हट्ट नको करू."

शेवटी बाबा आतल्या खोलीत बसायला कबूल झाले.

रविवारी पाहुणे आले. बोलणं रंगात आलं आणि आतून खोकला ऐकू आला. मुलाच्या आईने विचारलं, "आत कोण आहे?"

संपदाने ताटली खाली ठेवली. "आमचे आजोबा. बायोडेटात राहिले."

त्या कागदावर मी अंग चोरून बसलो. आता स्थळ मोडणार, असं मला वाटलं. तेवढ्यात नवरामुलगा जितेश आईकडे वळला. "आई, आता तरी सांग."

ती ओशाळली. "आमच्या सासूबाई खाली रिक्षात बसल्यात. आम्हीपण चौकोनीच लिहिलंय ना!"

सगळे हसत सुटले. बाबा मात्र बाहेर येऊन चपला शोधू लागले. "अहो, उन्हात कशाला बसवलंत त्यांना?"

ते स्वतः खाली गेले. रिक्षात मनोरमाबाई पदराने वारा घेत होत्या.

"झालं का बघून? मी यांच्या चौकोनात मावत नाही म्हणे!"

"मीपण नाही. चला वर, पोहे गरम आहेत."

लग्न ठरलं. पत्रिकेत मला जागा मिळाली नाही. तिथे दोन्ही म्हाताऱ्यांची नावं सर्वांत वर छापली आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. खिडकीला, सतरंजीला, अंगणाला मला खुशाल म्हणा, मी आनंदाने येईन. घरात कोण कोण आहे असं कुणी विचारलं, तर मात्र मला बोलावू नका. माणसांची नावं घ्या.