साठवर ठेवलेला स्क्रीन

चिंधूने माउस टेबलावर जोरात गोल फिरवला आणि स्क्रीनवरच्या बाणाकडे बघत राहिला. दुकानातल्या भाविकने लावलेला गाड्यांचा खेळ त्याने बंद करायला सांगितला होता. आता निळ्या रिकाम्या स्क्रीनवर नुसता बाण फिरत होता. मग त्याने शेजारच्या स्क्रीनचा माउस हातात घेतला आणि तोही तसाच फिरवला.

"हा न्हाय," तो म्हणाला.

"काय नाही, काका?"

"यावर एकशेऐंशी लिवलंय. पण हा त्या बाजूच्यासारखाच चालतोय. साठवर."

भाविक हसला. धामणकर नाक्यावरच्या या दुकानात तो सहा वर्षं कॉम्प्युटर विकत होता. "काका, कंपनीचा माल आहे. खोक्यावर छापलंय."

"खोक्यावर काय बी असंल. बाण बघ ना. जोरात फिरवला की एका बाणाचे पाच-सहा दिसतात. त्यांच्यामधी जागा किती पडते ते बघ. दोन्हीकडं सारखीच."

भाविकने वाकून सेटिंग उघडली. तिथे साठ लिहिलेलं होतं. एका सेकंदात चित्र किती वेळा बदलायचं, त्याचा आकडा; तो जितका मोठा, तितकी खेळात समोरची हालचाल लवकर दिसते.

"काल केबल बदलली होती," तो म्हणाला. "तेव्हा परत साठवर गेलं असणार." त्याने आकडा बदलला. स्क्रीन क्षणभर काळा झाला, परत आला. चिंधूने माउस फिरवला. या वेळी बाण एकमेकांना चिकटून चालले.

"आता बरोबर हाय."

"तुम्ही काय करता, काका?"

"लूमवर जॉबर हाय. बत्तीस वर्षं." बिघडलेले माग सुरू करायचे, त्यांची चाल लावायची, हे त्याचं काम. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे जाताना बघून माग किती हळू पडलाय ते तो सांगायचा. आज शुक्रवार, लूम बंद, म्हणून तो सकाळीच शेलार गावाहून आला होता.

"मग हे कोणासाठी? पोरगा खेळतो?"

"मी खेळतो."

भाविकने त्याच्याकडे नीट बघितलं. छप्पन-सत्तावन्नचा माणूस, बोटांच्या पेरांत मुरलेलं ऑईल.

"कुठला गेम?"

"ते बंदुकीचं. पाच-पाच जणांचं. पोरगीसंगं."

त्याची बायको तुळजा जाऊन अकरा महिने झाले होते. ती होती तेव्हा घरात तीच बोलायची, आणि हे दोघं, बाप आणि मुलगी माधवी, तिच्या दोन बाजूंना बसून ऐकायचे. ती गेल्यावर माधवी पुण्याहून रोज फोन करायची, पण 'जेवलात का' आणि 'जेवलो' याच्यापुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. मग सुट्टीला आली तेव्हा तिने स्वतःचा जुना कॉम्प्युटर बापाच्या खोलीत लावला, हेडफोन त्याच्या कानावर चढवला आणि खेळ शिकवला.

त्या खेळात गोळी लागली की डाव संपेपर्यंत नुसतं बघत बसावं लागतं. चिंधूला लवकरच लागायची. मग कधी माधवीलाही लागली की मिनिटभर दोघांनाही काम नसायचं, आणि त्या मिनिटात बोलणं व्हायचं. आईच्या साड्या कोणाला द्यायच्या ते असंच ठरलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी आईने काय खायला मागितलं होतं, तेही माधवीने अशाच एका मिनिटात सांगितलं. नंतर पुढचा डाव सुरू झाला.

मंगळवारी मात्र खेळताना त्याच्या कानात माधवीच्या मैत्रिणीचा, मृणालीचा आवाज आला होता. माईक चालू आहे हे तिला माहीत नसावं. "तुझे बाबा कोपऱ्यावर पोचतात तोवर सगळं संपलेलं असतं. आणि तू पण हल्ली स्लोच झालीयेस गं." माधवी म्हणाली होती, "गप ना." त्यानंतर चिंधू दोन दिवस विचार करत होता. आपल्यामुळे पोरगी हरते. आज ना उद्या कंटाळेल. तिने खेळायचं थांबवलं, तर ते मिनिट परत कुठून आणायचं, हे त्याला माहीत नव्हतं. घरचा जुना स्क्रीन साठचाच होता, म्हणून आज तो जास्त पळणारा बघायला आला होता.

"एक विचारू?" तो भाविकला म्हणाला. "हा फुल्ल चालवला तर किती वर्षं जाईल? आमच्याकडं मागाला जेवढी ताकद असती ना, त्याच्या थोडं खालीच चालवतात. फुल्ल पळवला की सूत तुटतं, पार्ट झिजतात. हा मी एकशेचाळीसवर ठेवला तर?"

"यात झिजायला आहे काय, काका? ना पट्टा, ना गिअर. साठवर ठेवा नाहीतर एकशेऐंशीवर, तेवढाच टिकणार. उलट साठवर ठेवला तर एवढा भारी घेऊन काय फायदा? पण सांगतो तुम्हाला, कितीतरी लोक तसंच वापरतात. त्यांना माहीतच नसतं."

"माहीतच नसतं?"

"कोण बघतो सेटिंग?"

चिंधूने खिशातून मोबाईल काढला. पोरीला सांगण्यासारखं काहीतरी त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

"बाबा, काय झालं?" माधवीने पहिल्याच रिंगला उचलला. दवाखान्याच्या दिवसांपासून तिचा हा पहिला प्रश्न ठरलेला होता.

"काय न्हाय झालं. मी दुकानात हाय. नवीन स्क्रीन घेतोय, पळणारा."

"अहो, मला सांगायचं ना. कुठला घेताय?"

"ते ऱ्हाऊ दे. तू आधी तुझा बघ. तुझा एकशेचव्वेचाळीसचा हाय ना? पण सेटिंगमधी साठच असू शकतं. लोकांना कळत न्हाय. इथला बी तसाच होता, मी वळखला."

पलीकडे ती हसली. "तुम्ही ओळखला?"

"मंग? बघ ना उघडून."

"बघायला नको, बाबा. साठवरच आहे. मीच ठेवलाय."

"तूच? कधीपासून?"

"झाले काही महिने. तुम्ही खेळायला लागलात तेव्हापासून असेल."

"का पण?"

मागे कुणाचा तरी मिक्सर चालू होता.

"टिकावा म्हणून," ती म्हणाली. "फुल्ल चालवला की झिजतो ना. तुम्हीच सांगता."

चिंधूने भाविककडे बघितलं. तो खाली बसून केबल गुंडाळत होता. माधवी इंजिनीअर होती. ऑफिसमधल्या लोकांचे कॉम्प्युटर बिघडले की हिलाच बोलावतात, असं तुळजा शेजारणींना सांगायची.

त्याने मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"व्हय," तो म्हणाला. "झिजतो."

"तेच ना."

चिंधूने दोन्ही स्क्रीन पुन्हा बघितले. एकशेऐंशीवाल्याच्या काचेवर त्याच्या बोटाचा डाग पडला होता. तो त्याने बाहीने पुसला.

"भाविकशेठ, ह्यो बांधा," तो म्हणाला. मग मोबाईलमध्ये म्हणाला, "माधवी, आता तू बी तुझा वाढव. पुरा."

"अहो, राहू दे की. काय घाई आहे?"

"वाढव. झिजला तर झिजला."

मिक्सर थांबला. तिचा आवाज आता जवळून आल्यासारखा आला.

"बाबा, मग मी एकदम पुढे जाईन हां. तुम्हाला दिसणार पण नाही मी कुठेय ते."

"जा ना."

"तुमच्यासाठी थांबू नको मग कोपऱ्यावर?"

"नको थांबू," चिंधू म्हणाला. "मी येतो मागून."