मी मानेवरून उतरलो

हनुवटीखाली राहून बोलायची सवय, म्हणून माझा आवाज जरा दबका वाटेल. मी मानेचा पट्टा बोलतोय. आत स्पंज, वर सुती कापड, मागे चिकटपट्टी. एवढंच माझं शरीर. भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात शिवला गेलो आणि सदाशिव पेठेतल्या औषधांच्या दुकानात काचेमागे बसलो. तिथून मला सत्यशीलाबाईंनी घरी नेलं.

बाई संगणकावर अक्षरजुळणी करायच्या. खिळ्यांचे छापखाने बंद पडू लागले तेव्हा त्यांनी पुढच्या खोलीत संगणक मांडला. आधी क्लासच्या नोट्स, मग मोबाइल कंपन्यांच्या मराठी माहितीपुस्तिका. हस्तलिखित कायम डाव्या हाताला. वर्षानुवर्षं मान डावीकडे वळत राहिली आणि मणक्याचे मागचे छोटे सांधे झिजले. कळ खांद्यापर्यंत यायची. कुणी हाक मारली की बाई अख्ख्या वळायच्या.

यजमान गेल्यापासून घरात त्या आणि थोरली नणंद, प्रेमलाताई. घर या कामावर चालायचं. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम झाले. आता शेवटचा उपाय. तो लागू पडला नाही तर संगणक विकायचा, असं बाईंनी ठरवलं होतं.

डॉक्टर शर्मिलांनी मला पाहिलं. "हा कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"होळी आली की! मी चार दिवसांसाठी सांगते, तुम्ही दत्तक घेतलात."

मला राग आला नाही. मी आधार देतो, बरं करत नाही. फार दिवस राहिलो तर मान आळशी होते, हे खरंच आहे.

डॉक्टरांनी नीट समजावलं. झिजलेल्या सांध्याची कळ एक बारीक नस पोचवते. आधी तिच्याजवळ बधिर करणारं औषध टोचायचं. काही तास दुखणं थांबलं तर समजायचं की जागा बरोबर आहे. मग नंतर एखाद्या दिवशी बोलावून सुईतून उष्णता देऊन ती नस गप्प करायची. "टोचून घरी गेलात की ज्यानं दुखतं तेच करा. पट्टा नाही, गोळी नाही."

टोचून घेऊन बाई घरी आल्या तर अंथरूण तयार. प्रेमलाताईंनी उशी सारखी केली, दुधाबरोबर गोळी दिली आणि मला गळ्यात बांधलं.

"ताई, डॉक्टर म्हणाल्या कामाला बसा."

"म्हणायला त्यांचं काय जातं? मानेत सुई घालून आलीयस. पड मुकाट्यानं."

प्रेमलाताईंच्या भावानं, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, छातीत दुखत असताना ऑफिस गाठलं होतं, ते परत आलेच नाहीत. "आज राहू दे" म्हणायचं त्यांच्याकडून राहून गेलं. बाईंना ते माहीत होतं, म्हणून त्या आडव्या झाल्या.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "दुखलं?"

"नाही."

"मान वळवून पाहिलीत?"

"झोपले होते."

"झोपल्यावर माझीही दुखत नाही हो! चाचणी फुकट गेली. पुन्हा या."

पुन्हा टोचायला गेल्या तेव्हा प्रेमलाताई बरोबर होत्या; डॉक्टरांनी त्यांनाही सगळं समजावलं. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं मला सोडवलं, हस्तलिखित डावीकडे ठेवलं आणि मला मांडीवर घेऊन मागे बसल्या. त्यांची बोटं माझ्यात रुतली होती. बाई पान पाहत होत्या, टाइप करत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मागे पाहिलं. खुर्ची हलली नाही, खांदे हलले नाहीत. फक्त मान वळली.

"ताई, चहा टाकता का?"

प्रेमलाताई उठल्या, पण स्वयंपाकघरात जायला त्यांना थोडा वेळ लागला.

पुढे नसेला उष्णता दिली. काही दिवस मान ठणकली, मग कळ ओसरली. नस पुन्हा वाढते, वर्षभरानं दुखणं परत येऊ शकतं, तेव्हा पुन्हा करता येईल, असं डॉक्टर म्हणाल्या. सांधा नवा झाला नाही; बाई रोज व्यायाम करतात. संगणक विकला नाही.

मला धुऊन दोरीवर वाळत घातलंय. वरच्या मजल्यावरच्या फैझलची मान आखडलीय. तो हिंजवडीला कंपनीत असतो.

"मावशी, तो पट्टा देता?"

"देते. पण आधी डॉक्टरला दाखव. ते म्हणतील तेवढेच दिवस घाल," प्रेमलाताई दोरीवरचे चिमटे काढत म्हणाल्या. "आणि ते काम कर म्हणाले तर कामाला बस. घरचे झोपवायला लागले, तर त्यांना माझ्याकडे पाठव."

येतो मी. मला बांधणाऱ्यांनो, बांधा खुशाल. फक्त सोडायचं कधी ते आधी विचारून घ्या.