टाकीतलं पाणी

चौकाच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि ती भर रस्त्यात गप्प झाली. मागच्या टेम्पोने करकचून ब्रेक दाबला.

"काका, मरायचंय का?" चालकाने डोकं बाहेर काढून विचारलं.

मीटरकाका खाली उतरले. त्यांनी गाडी कडेला ओढली. महिनाभरातली ही पाचवी खेप.

बत्तीस वर्षं याच मोटारसायकलवरून घरोघर फिरून त्यांनी विजेचे मीटर वाचले होते. त्यात खरं नाव कधीच मागे पडलं आणि मीटरकाका तेवढे उरले. निवृत्तीनंतर रोज दहाला गाडी काढायची आणि डावऱ्याच्या गॅरेजात जाऊन बसायचं, हीच त्यांची नोकरी. डावखुरा मिस्त्री म्हणून तो डावऱ्या. दोघांची दोस्ती गाडीइतकीच जुनी.

काका गाडी ढकलत पोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. डावऱ्याने कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला आणि आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरलं. वर पेट्रोल, खाली बोटभर पाणी.

"परत तेच," तो म्हणाला.

"गेल्या आठवड्यात तूच टाकी धुतलीस ना?"

"धुतली, वाळवली. झाकणाचं रबर बदललं, पेट्रोलचा कॉक बदलला. तू पेट्रोलपंपही बदलून पाहिलास. आता पाणी येतं कुठून, मलाही कळेना."

"तुला कळेना? नुसत्या आवाजावरून रोग ओळखणाऱ्याला?"

"म्हणजे?"

काकांच्या कानात अजून टेम्पोचा ब्रेक किंचाळत होता. दोन गिऱ्हाइकं शेजारीच उभी होती, पण जीभ सुटली ती सुटलीच. "म्हणजे असं, की या गाडीला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. आणि हल्ली तुझ्याकडे काम नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माझी गाडी कायमची बरी झाली, तर तू माशा मारणार."

गिऱ्हाइकं दुसरीकडे बघू लागली. डावऱ्याने बाटली खाली ठेवली. त्याने टाकी रिकामी केली, आपल्याच डब्यातलं पेट्रोल ओतलं, गाडी सुरू करून दाखवली. मग फडक्याला हात पुसून किल्ली काकांच्या तळहातावर ठेवली.

"ने," एवढंच म्हणाला.

काकांनी मग घरीच शोध सुरू केला. रोज तीनतीनदा टाकीच्या तळातलं पेट्रोल बाटलीत घेऊन बघायचं. पहिले दोन दिवस स्वच्छ. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ, जेवणाआधी स्वच्छ. दुपारची झोप काढून पाच वाजता पाहिलं, तर बोटभर पाणी. बाटली हातात धरून ते पायरीवर बसून राहिले. टाकीच्या झाकणाला कुलूप होतं. एक किल्ली त्यांच्या खिशात असे. दुसरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला.

त्यांनी टाकी पुन्हा रिकामी करून भरली, कुणाला काही बोलले नाहीत. त्यानंतर रोज दुपारी ते डोळे मिटून पडत, पण झोपत नसत. तिसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला दार कुरकुरलं. ते खिडकीशी गेले. बायकोच्या हातात ग्लास होता. आजाऱ्याला औषध पाजावं तशी ती थेंबही न सांडता टाकीत पाणी ओतत होती. मग तिने झाकण पुसलं आणि कुलूप लावलं.

ती आत आली तेव्हा काका पलंगावर बसलेले होते.

"कधीपासून चाललंय हे?"

 तिने ग्लास खाली ठेवला. "सांगून सांगून तोंड दुखलं माझं. गाडी सोडा, वय झालं. ऐकलंत? गेल्या वर्षी पडलात, नऊ दिवस दवाखान्याच्या बाकावर काढले मी. आणि शुद्धीवर आल्यावर तुम्ही पहिलं विचारलंत काय, तर गाडी कुठेय."

"अगं, चौकापर्यंत ती कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर जाते. मग पाणी पोचतं आणि रस्त्यातच बंद पडते. त्या दिवशी टेम्पोखाली गेलो असतो मी."

हे तिला ठाऊक नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. "मला वाटलं, गाडी दारातच अडून बसेल. कंटाळून विकून टाकाल."

"आणि मी डावऱ्याला चोर ठरवून आलो. चारचौघांत."

"त्याला माझं नाव सांगू नका," ती घाईने म्हणाली. "नवऱ्याच्या जिवावर उठली म्हणतील लोक. तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

चाळीस वर्षांत तिने मागितलेलं काकांनी फारसं दिलं नव्हतं. या एका मागणीला त्यांना नाही म्हणता येईना.

टाकी धुऊन, नवं पेट्रोल भरून दुसऱ्या दिवशी दहाला ते गॅरेजात गेले. डावऱ्या एका स्कूटरपाशी उकिडवा बसला होता.

"चुकलो मी," काका म्हणाले. "टाकीलाच भेग होती. गाडी धुताना पाणी आत जायचं. सापडली शेवटी."

"कुठे?"

"ही... झाकणाच्या बिजागरीपाशी."

डावऱ्या उठला. बिजागरीभोवती त्याने डावा अंगठा हळूहळू फिरवला, नख लावून पाहिलं. ही टाकी त्यानेच दोनदा घासून रंगवली होती.

"इथे काही नाही."

काकांनी झाकणावरून उगाच बोट फिरवलं.

"त्या दिवशी बोललास ते रागात बोललास. ते मी धरून बसलो नसतो," डावऱ्या म्हणाला. "पण आज घरून ठरवून खोटं बोलायला आलास. का?"

खरं काय ते काकांच्या ओठांपर्यंत आलं होतं. स्कूटरवाला कान देऊन ऐकत होता. तो नसता, तरी त्यांना बोलता आलं नसतं.

"भेगच होती," ते म्हणाले.

"बरं." डावऱ्या पुन्हा स्कूटरपाशी बसला. "आता दुसरीकडे दाखवत जा गाडी."

गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. चौक ओलांडला, पुढचा चढ ओलांडला, एकही आचका नाही. कित्येक महिन्यांत ती इतकी सुरेख चालली नव्हती. चढ संपल्यावर काकांच्या लक्षात आलं, की या रस्त्याने आपल्याला कुठेच जायचं नाही. त्यांनी वेग कमी केला आणि गाडी वळवली.

बायको दारातच होती. "लवकर आलात?"

"हो," काका म्हणाले. इंजिन एका लयीत चालू होतं. ते थोडा वेळ तसेच बसून राहिले, मग त्यांनी किल्ली फिरवून ते बंद केलं.