आईला लिहिलेलं पत्र

"मिस ऑगस्टा, हे कितीदा वाचलं तरी मन भरत नाही बघा माझं!" वेंडेलने प्लॅस्टिकच्या पाकिटातलं पत्र टेबलावर अलगद सरकवलं. "चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं तुम्ही सेक्रेटरी मंडळी लिहायचात, हे काय मला ठाऊक नाही? पण हे डेल्फीनने स्वतःच्या आईला लिहिलंय. हे अस्सल!"

बरबँकच्या वृद्धाश्रमात ऑगस्टाला भेटायला येणारा हा एकच प्राणी. मूकपटांच्या काळातल्या नटनट्यांची पत्रं जमवता जमवता त्याची बायको निघून गेली, केस गेले, वेड काही गेलं नाही. दर रविवारी यायचा, ऑगस्टा जिची सेक्रेटरी होती त्या नटीबद्दल, डेल्फीन मार्लोबद्दल विचारायचा. ऑगस्टाबद्दल कधीच नाही. तरी शनिवारपासून ती खिडकीशी बसायची.

"'आई, इथं हिवाळा असा येतच नाही. तुझ्या अंगणातल्या बर्फासाठी जीव तुटतो,'" वेंडेलने वाचून दाखवलं. "काय काळीज हो त्या बाईचं!"

ऑगस्टाला तो दिवस आठवला. 'गसी, आईलाही काहीतरी खरडून टाक गं, माझं शूटिंग आहे,' असं म्हणून डेल्फीन निघून गेली होती. मेलीला बर्फाची आठवण कुठली यायला! ते अंगण दूर आयोवा राज्यातलं, ऑगस्टाच्या आईचं. अकरा वर्षं डेल्फीनचं अक्षर गिरवता गिरवता तिचं स्वतःचं अक्षरच पुसलं गेलं होतं. मग तिने घरी पत्र लिहिणंच सोडलं. आई वाट बघून गेली.

"संग्रहालय हे पत्र घ्यायला तयार आहे, पण त्यांना साक्षीदार हवाय," वेंडेल म्हणाला. "डेल्फीनने हे तुमच्यासमोर लिहिलं, एवढंच लिहून द्या. तीस वर्षांचं सार्थक होईल हो माझं!"

'अरे गाढवा, ते माझं आहे,' असं अगदी ओठांवर आलं. पण मग रविवारी कोण येणार?

"मजकूर तू लिही," ती म्हणाली. "मी सही करते."

पेन उजव्या हातात घेताच बोटं आपोआप डेल्फीनच्या वळणाने वळू लागली. एका सहीत सगळं फुटलं असतं. तिने पेन डाव्या हातात घेतलं आणि पोरासोरासारखं वेडंवाकडं लिहिलं: ऑगस्टा पेनरोज.

"फारच थरथरतो हो हात," वेंडेल हळहळला.

"वय झालं रे."

त्याने शाई फुंकून वाळवली, दोन्ही कागद जपून बॅगेत ठेवले. "येत्या रविवारी नक्की, हं!"

"ये बाबा," ऑगस्टा म्हणाली. दार लागलं तरी तिने उजवा हात मांडीखाली घट्ट दाबून धरला होता.