समोरून बैल, मागून विमान

मित्रांनो, मी एक जुना बाभळीचा ठोकळा आहे. दिसायला ओबडधोबड, एका बाजूने उतरता. मी चाकाखाली असलो की चाक जागचं हलत नाही. यात हुशारी काही नाही, नुसतं वजन आहे.

उखा सुताराने गाडीच्या आसाच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं. तापीकाठी चुनीलाल पाटलांचं खळं होतं. तिथे कापसाने भरलेली बैलगाडी उतारावर मी धरून ठेवायचो. गाडीवान दगा बैलांना हाताने कुरवाळायचा आणि मला पायाने सरकवायचा. ज्याचं त्याचं नशीब!

मग एका साली कपाशीवर कीड पडली. औषध फवारायला विमान येणार, अशी वार्ता आली. साल त्रेसष्टच्या आसपास असावं. नदीकाठची पडीक जमीन वखरून, रूळ फिरवून सपाट केली. तळोद्याकडचे, नंदुरबारकडचे लोक गाड्या जुंपून पाहायला आले. विमान पिवळं होतं. शेपूट टेकून, नाक वर करून उभं राहायचं. त्याच्या चाकांचे ठोकळे वाटेत कुठेतरी राहून गेले होते. दगाने मला आणि माझ्या जोडीदाराला खांद्यावरून नेलं. सुकलाल मेकॅनिकने आम्हाला लाल रंग दिला, दोर बांधले, आणि उडायच्या वेळी ते ओढायचं काम दगाला सोपवलं. अशी आमची बढती झाली.

फिरत्या पंख्यासमोर जाऊ नये म्हणून सुकलालने पहिल्याच दिवशी बजावलं, "दगा, पुढला पंखा फिरी ऱ्हायना तवलोंग समोर जावानं नई. शेपटीकडथीन येवानं."

दगा हसला. "शेपटीकडथीन? जनावरना मांगे कोनी जास का? लात मारी दी ना!"

"हाई जनावर समोरथीन मारस," सुकलाल म्हणाला. "आनि फिरस तवय दखास नई."

दगाला ते पटायला वेळ लागला. आमच्याकडे लेकरू चालायला लागलं की त्याला हेच शिकवतात, की ढोराजवळ समोरून जावं, त्याला आपलं तोंड दिसू द्यावं. दगाची हाडं त्याच शिकवणीत वाढलेली. पाय आपोआप पुढे वळायचे आणि सुकलाल ओरडायचा. हळूहळू पाय वळायचे थांबले. पण ही शिकवण एकट्या दगाला मिळाली, गावाला नाही. तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

फवारणीची पहिली सकाळ उजाडली. पायलटसाहेबांनी इंजिन सुरू केलं. दोन्ही दोर हातात धरून दगा विमानाच्या पंखाच्या टोकाशी उभा होता. आणि चुनीलालची आई जमनाबाई पूजेचं ताट घेऊन निघाली. घरी नवा बैल आला की त्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, मग विमानाला का नाही? ती म्हातारी रीतीने, मानाने, अगदी समोरून चालत आली. फिरता पंखा तिला दिसत नव्हता. विमानाचं नाक वर असल्यामुळे साहेबांना ती दिसत नव्हती. लोक कौतुकाने पाहत होते.

साहेबांनी खूण केली, ठोकळे ओढ.

दगाने तिला पाहिलं आणि जोरात ओरडला. इंजिनापुढे त्याचा आवाज कोण ऐकणार? तिच्याकडे धावावं, तर जवळची वाट त्याच पंख्यासमोरून होती. दगा माझ्या दोरावर फतकल मारून बसला आणि 'थांबा' म्हणून त्याने दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले.

साहेबांनी पुन्हा खूण केली. दगा ढिम्म. साहेब चिडले, त्यांनी इंजिनाचा जोर वाढवला. विमान माझ्यावर असं रेटलं की माझी एक कड पिचली. जमनाबाईच्या ताटातलं निरांजन विझलं. झेंडूचा हार ताटातून उठला, पंख्याकडे खेचला गेला आणि क्षणात त्याचा भुगा झाला. दगाच्या अंगावर, माझ्यावर पाकळ्या पडल्या. जमनाबाई हात पुढे केलेलाच ठेवून उभी राहिली.

दगाला शिव्या द्यायला म्हणून साहेबांनी इंजिन बंद केलं.

पंखा थांबला तेव्हा कुठे तो सगळ्यांना दिसला. कुंकवाचं बोट आणि त्याचं पातं यांच्यात वीतभर जागा होती. मी लाकूड, पण मलाही भीती वाटली.

"दगा," जमनाबाई खाली बसत म्हणाली, "मी तं बैलनागत समोरथीन उनी रे."

"माय, आख्खा गाव तसाच येता," दगा म्हणाला. "आम्हीच कोनले सांगं नई."

त्या दिवसापासून माळावर दोर बांधून लोकांना अडवू लागले. इंजिन बंद असेल तेव्हाच पूजा, आणि तीही शेपटीकडून येऊन.

पुढे विमान येईनासं झालं. माझा रंग उडाला, पिचलेली कड गळून पडली. आता मी पाटलांच्या गोठ्याचं दार अडवून बसतो. विमानतळावर मोठ्या विमानांखाली माझे भाऊबंद असतील. त्यांच्या जवळ उभा असलेला माणूस तुम्हाला थांबा म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका, मित्रांनो. तुम्हाला न दिसणारं काहीतरी तो पाहत असतो.

जमनाबाई होती तोवर दर पोळ्याला आधी बैलांना ओवाळायची, समोरून. मग मला कुंकू लावायला यायची. मी हातभर ठोकळा, मला ना पंखा ना शेपूट. तरी ती अख्ख्या गोठ्याला वळसा घालून मागूनच यायची.